भित्र्या कुत्र्याला रस्त्याची सवय लावताना
कुत्रा जिन्यातच अंग चोरून बसला, शेपूट पोटाशी घेतली किंवा आवडीचा खाऊही तोंडात घेईना, तर तो हट्ट करत नसून भ्यायलेला आहे हे ओळखावे आणि पट्टा ओढून त्याला पुढे रेटू नये. समजा तो रिक्षांना भितो, तर रिक्षा दिसतील, पण तो निवांत खाऊ घेऊ शकेल, इतक्या अंतरावर थांबावे. रिक्षा दिसताच उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्यावा, ती दिसेनाशी झाली की खाऊ बंद करावा. हा क्रम उलटला, म्हणजे खाऊ आधी आणि रिक्षा नंतर आली, तर खाऊ पाहूनच तो धसका घेऊ लागतो. भ्यायलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढते, हा समज खुशाल सोडून द्यावा. गळपट्ट्यातून तो मागे सरकून निसटू शकतो, म्हणून छातीवरून नीट बसणारा हार्नेस वापरावा. भित्रेपणा एकाएकी वाढल्यास पशुवैद्यांना दाखवावे, कारण दुखण्यामुळेही कुत्रा बिचकतो.