काटापट्टीच्या मागे कृष्णविवर

आमचं गाव पुसद तालुक्यातलं. कापूस, तूर, सोयाबीन आणि दोन विहिरी, त्यांतली एक मार्चनंतर नुसती नावाला. बाबा जिनिंगवर कापूस घालायला जात तेव्हा काट्यावरून पट्टी हातात आली की गाडीच्या सावलीत बसत आणि तिच्याच मागच्या बाजूला पेनानं सगळा हिशेब पुन्हा मांडत. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलाव्याची कपात, भाव. व्यापारी ओळखीचा असला तरी. "आकडा आपून काढला नाही तं थो आपला नसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी आता गुरुत्वीय लहरींवर, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांवर, पीएचडी करतोय, चौथं वर्ष चालू आहे. गावाकडची मुलं-मुली विचारतात की कृष्णविवरांवर, क्वांटम गुरुत्वावर (गुरुत्व आणि सूक्ष्म कणांचे क्वांटम नियम एकाच हिशेबात बसवण्याचा प्रयत्न) काम करायचं तर काय करावं. त्यांना उत्तर देताना मी दर वेळी त्या पट्टीवरच येऊन थांबतो. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

११ फेब्रुवारी २०१६ ला अमेरिकेतल्या लायगो या लहरी टिपणाऱ्या प्रयोगानं पहिल्या गुरुत्वीय लहरीची घोषणा केली तेव्हा माझी बारावीची परीक्षा तोंडावर होती. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवरच्या पेपरात बातमी वाचली. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि ६२ पटीचं एक झालं. मी उभ्याउभ्या बेरीज केली. ३६ आणि २९ म्हणजे ६५. मग तीन सूर्य गेले कुठे? पट्टीवर एवढी कपात दिसली असती तर बाबांनी गाडी तशीच माघारी फिरवली असती. बातमीत पुढं लिहिलं होतं की तेवढ्या वस्तुमानाची ऊर्जा लहरींच्या रूपानं बाहेर पडली, ती १३० कोटी प्रकाशवर्षांचा प्रवास करून १४ सप्टेंबर २०१५ ला पृथ्वीवर पोचली आणि लायगोच्या ४ किलोमीटर लांबीच्या नळ्यांमध्ये प्रोटॉनपेक्षा शेकडो पट लहान एवढी हालचाल करून गेली. त्या दिवशी केमिस्ट्रीचा अभ्यास काही झाला नाही.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पुढची दोन वर्षं मी वाया घालवली, आणि खरं सांगायचं ते हेच आहे.

तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला होतो. मोबाईलवर डेटा स्वस्त झाला होता. रात्री वावरात मोटर चालू करायला जायचो. शेतीची लाईन रात्रीचीच, आणि ती येईपर्यंत बसून स्ट्रिंग थिअरी, मल्टिव्हर्स, वर्महोल असले व्हिडिओ बघायचो. तासन् तास. मित्रांना समजावूनही सांगायचो. मला वाटायचं, मला हे कळतंय. मग तिसऱ्या वर्षी एका नामवंत संस्थेत मुलाखतीला गेलो. विचारलं, कशात काम करायचंय? मी ऐटीत म्हणालो, क्वांटम ग्रॅव्हिटी. समोरच्या बाईंनी फळ्याकडे बोट दाखवलं. स्प्रिंगला बांधलेला कण, क्वांटमच्या नियमांनी चालणारा. मधोमध एक भिंत उभी केली, कण एकाच बाजूला राहू शकतो. आता ऊर्जेच्या कोणत्या पायऱ्या उरतील? मी खडू हातात घेऊन पाच मिनिटं उभा होतो. उत्तर दोन ओळींचं आहे: भिंतीपाशी लहर शून्य व्हायला हवी, म्हणून एकाआड एक पायऱ्याच उरतात. मला आलं नाही. परत येताना रेल्वेच्या जनरल डब्यात मला पहिल्यांदा उमगलं की माझ्याकडे या विषयाचा एकही स्वतः काढलेला आकडा नव्हता.

घरी येऊन वही घेतली आणि सगळ्यात सोपा हिशेब केला. एखाद्या वस्तूचं कृष्णविवर व्हायला ती किती लहान दाबावी लागेल? सूत्रात तीनच गोष्टी लागतात: वस्तुमान, गुरुत्वाचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग. सूर्यासाठी त्रिज्या येते सुमारे ३ किलोमीटर. पृथ्वीसाठी सुमारे ९ मिलिमीटर, म्हणजे अख्खी पृथ्वी एका गावरान बोरात. शंभर व्हिडिओंतून जे मिळालं नव्हतं ते त्या बोरानं दिलं. तुम्हीही तिथूनच सुरू करा. आजच करा, कॅल्क्युलेटर मोबाईलमध्ये आहेच.

आता अभ्यासाचा क्रम. यात शॉर्टकट नाही आणि मी शोधून थकलोय. आधी गणित: रेषीय बीजगणित, अवकल समीकरणं, थोडं संमिश्र चलांचं. मग विशेष सापेक्षता, क्वांटम यांत्रिकी आणि सांख्यिकी भौतिकी. तिसऱ्याकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि कृष्णविवरांच्या निम्म्या कामाचा पाया नेमका तोच आहे. हे झाल्यावर व्यापक सापेक्षता. क्वांटम फील्ड थिअरी त्यानंतर. आणि प्रत्येक प्रकरणामागची गणितं सोडवायची, नुसती वाचायची नाहीत. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पूर्ण कोर्स फुकट आहेत. आमच्या कॉलेजात सर चांगले होते, पण एकच होते, आणि त्यांच्याकडे परीक्षा विभागही होता.

इंग्रजीचं काय, हा प्रश्न सगळ्यांचा असतो. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावीत सर 'मोमेंटम' म्हणाले तेव्हा मी आठवडाभर तो काहीतरी नवीन पदार्थ समजत होतो. तो आपला संवेग निघाला. माझा अनुभव असा की भौतिकीचं इंग्रजी मोजक्या चारेकशे शब्दांचं आहे, ते सहा महिन्यांत बसतं. मुलाखतीत अडकलात तर फळ्यावर समीकरण लिहा, ते कोणाला भाषांतर करून सांगावं लागत नाही. विचार मात्र मी अजून मराठीतच करतो. चुका सापडतात त्यामुळे.

या विषयात सध्या काय चाललंय ते थोडं सांगतो, कारण पोरं विचारतात तेव्हा त्यांच्या डोक्यात बहुधा सिनेमातलं चित्र असतं.

सगळ्यात जुना न जुळलेला हिशेब स्टीफन हॉकिंग यांचा. १९७४ साली त्यांनी दाखवलं की कृष्णविवर पूर्ण काळं नसतं, ते अगदी मंद तापतं आणि हळूहळू विरतं. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं तापमान एका केल्विनच्या कोट्यवधीव्या हिश्शाच्या आसपास येतं. आजच्या विश्वात पसरलेलं प्रारण २.७ केल्विनचं, म्हणजे असं विवर सध्या विरण्याऐवजी उष्णता खातच बसेल. पण तत्त्वाचा प्रश्न उरतोच. जिनिंगमध्ये कापूस गेला की रुई आणि सरकी बाहेर येते, दोन्हींची बेरीज गेलेल्या कापसाशी जुळवता येते. हॉकिंगच्या गणितात आत काहीही टाका, बाहेर एकसारखी ऊब येते. काय टाकलं होतं याची नोंदच पुसली जाते. क्वांटमचे नियम असं पुसायला परवानगी देत नाहीत. १९९३ मध्ये डॉन पेज यांनी सांगितलं की नोंद टिकायची असेल तर बाहेर पडलेल्या प्रारणाची एन्ट्रॉपी, म्हणजे त्यातल्या विस्कळीतपणाचं माप, आधी वाढेल आणि साधारण अर्ध्या वाटेवरून उलट खाली येईल. तो उतार गणितातून काढायला पुढं पाव शतक लागलं. २०१९ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी तो काढला. यावर भरपूर आनंद झाला आणि तो योग्यच होता, पण यातली बरीच गणितं सोप्या केलेल्या, कमी मितींच्या नमुना-विश्वांत केलेली आहेत. नोंद नेमकी कशी बाहेर येते, हे अजून कोणी हातात धरून दाखवलेलं नाही. नवीन माणसाला इथं काम आहे.

दुसरीकडे लूप क्वांटम गुरुत्व आहे, अवकाशच बारीक तुकड्यांचं बनलंय असं मानणारी वाट. त्याचा पाया घालणारे अभय अष्टेकर खानदेशातल्या शिरपूरचे, १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत मांडली. पुढं त्या वाटेनं केलेल्या गणितांत महास्फोटाच्या जागी एक उसळी दिसते: आधीचं विश्व आकसत आलं आणि परत फुगलं. स्ट्रिंगवाले (कण म्हणजे बारीक थरथरते तंतू असं मानणारे) आणि लूपवाले यांचं फारसं पटत नाही. तुम्ही बीएस्सीत असताना कोणत्याही बाजूनं भांडू नका, वेळ जातो. मी भांडलोय.

आदिविश्वाच्या बाबतीत तर घाई किती महाग पडते ते २०१४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ प्रयोगानं मार्चमध्ये जाहीर केलं की विश्वाच्या पहिल्या क्षणातल्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडली. पुढच्या वर्षी प्लांक उपग्रहाच्या आकड्यांबरोबर हिशेब लावला तेव्हा ती खूण मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची निघाली. धूळ! आमच्याकडे मे महिन्यात ती फुकट मिळते. जेम्स वेब दुर्बिणीनं मात्र वेगळीच अडचण उभी केलीय. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं, आणि महास्फोटानंतर ३० कोटी वर्षंही झाली नव्हती तेव्हाच्या चमकदार दीर्घिका तिला दिसल्या. एवढ्या लवकर एवढं पीक कसं उभं राहिलं, आणि त्यांच्या पोटातली कृष्णविवरं इतक्या झपाट्यानं कशी वाढली, यावर अजून वाद आहेत.

मी स्वतः शेवटी यातलं काहीच निवडलं नाही. एमएस्सीनंतर लक्षात आलं की मला सिद्धांत तपासायला जास्त आवडतं. १९७० मध्ये सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी गणितानं दाखवलं होतं की कृष्णविवराला धक्का दिला तर ते घंटेसारखं वाजतं आणि शांत होतं. मी त्या घंटेचा शेवटचा नाद आकड्यांत शोधतो. लायगोचे आकडे सगळ्या जगाला खुले आहेत, पायथॉनमधले तयार धडेही त्यासोबत मिळतात, गुगल कोलॅबवर ते चालतात, भारी संगणक लागत नाही. मी पहिली लहर घरी, खाटेवर बसून, मित्राच्या लॅपटॉपवर काढली होती. सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा तो आवाज, खालून वर चढत जाणारा. आईनं विचारलं, चिमणी कुठं अडकली?

कामाचं थोडक्यात. बीएस्सीनंतर आयआयटी वगैरेंत एमएस्सीला जायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा. पीएचडीसाठी जेस्ट, गेट, सीएसआयआर-नेट. फॉर्मच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा. बारावीच्या गुणांवरची इन्स्पायर शिष्यवृत्ती माझ्या हातची गेली, कारण ती असते हेच कळलं नव्हतं. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रम, या दोन्हींना अर्ज कराच. दोन महिने चांगल्या माणसासोबत काम केलं की आपण कुठं उभे आहोत ते कळतं. पीएचडीत पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये फेलोशिप, अधिक घरभाडं. गावाच्या मानानं चांगले पैसे आहेत, पण दोन-चार महिने उशिरा येतात कधी कधी, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा. आणि निव्वळ क्वांटम गुरुत्वाच्या कायम नोकऱ्या देशात फार थोड्या आहेत, हे कर्ज काढायच्या आधी माहीत असू द्या. ज्यांना प्रोग्रॅमिंग आणि आकडेवारी येते ते मागं राहत नाहीत, ती मात्र सोबत शिकाच.

बाबांना माझं काम बरेच दिवस पटलं नाही. "काऊन रे, यानं नोकरी लागन काय?" मग २०२३ मध्ये केंद्रानं लायगो-इंडियाला, म्हणजे लायगोच्याच भारतातल्या यंत्राला, २,६०० कोटी मंजूर केले, औंढा नागनाथजवळ. ते आमच्या तालुक्याला लागूनच्या हिंगोली जिल्ह्यात. तेव्हापासून पारावर ते मला 'थे औंढ्याच्या मशिनीवाला' म्हणून ओळख करून देतात. मी तिथं काम करत नाही, पण दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

गेल्या दिवाळीत घरी होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एका लहरीबद्दल सांगत होतो. ती १४ जानेवारीला टिपलेली, आजवरची सगळ्यात स्पष्ट. हॉकिंगचंच आणखी एक म्हणणं होतं, १९७१ चं: विवरं मिसळली तर त्यांच्या क्षितिजांचं (जिथून प्रकाशही परत येत नाही त्या सीमेचं) एकूण क्षेत्रफळ कधी घटत नाही. इथं ते तपासता आलं. आधी दोन्हींचं मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, नंतर जवळपास ४ लाख. आपला महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा. म्हणजे महाराष्ट्रापेक्षा लहान होतं, मोठं झालं.

बाबा तूर निवडत होते. "अन् वजन?"

"ते घटलं. ६६ सूर्यांच्या आसपास होतं, ६३ राहिलं."

"वजन घटलं अन् वावर वाढलं? कसं काय बाप्पा?"

मी सांगितलं की क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गावर चालतं. दोन वेगळ्या ३३ च्या वर्गांची बेरीज एका ६३ च्या वर्गापेक्षा पुष्कळ कमी येते. त्यांनी खिशातून पट्टी काढली, उलटी केली, पेन मागितलं. ३३ गुणिले ३३, दोनदा. ६३ गुणिले ६३. २,१७८ आणि ३,९६९. मग मान वर न करता म्हणाले, "हे तं दुपटीच्या जवळ चाललं. तुया लोकायनं ४ लाखच काऊन सांगतले?"

बरोबर पकडलं होतं. नुसत्या वर्गानं ४ लाख ३० हजारांच्या पुढं जातं. नवं विवर जोरात फिरत असतं, आणि फिरकी धरली की क्षेत्रफळ तेरा-चौदा टक्क्यांनी खाली येतं. मी ती कपात सांगितली. त्यांनी ती पट्टीवर लिहून वजा केली, ३ लाख ७० हजारांच्या वर आकडा आला, त्याखाली रेघ ओढली आणि पट्टी परत खिशात ठेवली.