'व्हेरी' कोठे चालतो आणि कोठे अडतो

सांगलीत इंग्रजीची शिकवणी घेताना मुलांच्या वह्यांत 'आय व्हेरी लाइक भडंग' हे वाक्य मला वरचेवर भेटते. दोष मुलांच्या आळसाचा नसून आपल्या 'खूप'चा आहे, कारण मराठीत भडंग खूप तिखट असते, खूप आवडते आणि खूप खाल्लेही जाते. इंग्रजीतील 'व्हेरी' एवढा मोकळा नाही. तो विशेषणाच्या किंवा क्रियाविशेषणाच्या आधी बसतो. म्हणून लिहिण्यापूर्वी आपल्या वाक्यातील 'खूप' कोणाला चिकटला आहे हे पाहावे. तो 'तिखट'ला चिकटला असेल तर 'व्हेरी स्पायसी' बरोबर आहे. 'आवडते'ला चिकटला असेल तर 'मच'ला सोबत घेऊन 'आय लाइक इट व्हेरी मच' असे म्हणावे. आणि 'भडंग'लाच, म्हणजे नामाला, चिकटला असेल तर 'व्हेरी' सोडून 'अ लॉट ऑफ' घ्यावे.

'व्हेरी'च्या जागी 'टू' घालण्याची खोड त्याहून महागात पडते. २०१९ च्या महापुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी 'व्हेरी हाय' होती असे म्हटले, तर पाणी फार चढले होते एवढेच कळते. 'टू हाय' म्हटले की ते सोसण्यापलीकडे चढले, आता काही करता येत नाही, हा अर्थ येतो. आपण कौतुकाने 'टू गुड' म्हणतो ते बोलण्यात खपते, अर्जात लिहू नये. ज्या विशेषणात टोक आधीच आहे, उदाहरणार्थ 'एक्सलंट', त्याला 'व्हेरी' लावू नये.

या शब्दाची एक जुनी बाजू मात्र शिकवणीत क्वचितच सांगितली जाते. 'व्हेरी' हा जुन्या फ्रेंचमधील 'खरा' या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि नामाआधी तो आजही जवळजवळ त्याच अर्थाने येतो : 'दॅट व्हेरी डे' म्हणजे 'त्याच दिवशी', 'द व्हेरी ब्रिज' म्हणजे 'तोच पूल'. आपला 'च' इथे नेमका उतरतो, आणि हे एकदा दाखवले की मुले ते विसरत नाहीत. मात्र 'मी रविवारीच येतो' यातील 'च' म्हणजे 'फक्त', आणि तिथे 'ओन्ली' लागतो.