रुग्णालयाला मशीन द्यायचंय? आधी पाण्याची चौकशी करा

मुंबईचं जे.जे., पुण्याचं ससून, परळचं वाडिया. दुखण्याखुपण्याच्या निमित्ताने ही नावं इतकी तोंडात बसलीत की ती देणगीदारांची नावं आहेत, हे लक्षातही येत नाही. तालुक्याच्या गावातलं धर्मादाय रुग्णालय आजही देणग्यांवर बरंच काही उभं करतं. फक्त देणारा आता कुणी शेठ नसतो. दहावीची जुनी बॅच असते, गणेश मंडळ असतं, आईच्या वर्षश्राद्धाला पंगतीऐवजी काहीतरी करू म्हणणारी भावंडं असतात. आणि बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा एकच येतं: एखादं मशीन देऊ. डायलिसिसचं मशीन त्यातलं फार लाडकं, म्हणून तेच उदाहरण घेतो.

पायरी १ : ठरवण्याआधी वॉर्डात जा

विश्वस्तांना भेटाच, पण डायलिसिस टेक्निशियन आणि सिस्टर यांच्याशीही बोला. आत्ता किती मशीन आहेत, त्यातली बंद किती, प्रतीक्षा यादीत किती जण, किडनीचे डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात? हे न विचारता आमच्या बॅचने एका रुग्णालयाला मशीन दिलं. हार, नारळ, फोटो, सगळं झालं. सव्वा वर्ष ते खोक्यातच होतं, कारण डायलिसिससाठी पाणी शुद्ध करणारा तिथला आरओ प्लांट आहे त्या मशीनलाच कसाबसा पुरत होता.

पायरी २ : पाणी, वीज आणि माणूस

डायलिसिसचं द्रावण साधारणपणे मिनिटाला ५०० मिलिलीटर या वेगाने वाहतं. चार तासांच्या एका सत्राला १२० लिटर शुद्ध पाणी झालं. आरओ बरंच पाणी बाहेर टाकतो, म्हणजे टाकीतलं पाणी त्याहून जास्त लागणार. एप्रिल-मेमध्ये टँकरवर जगणाऱ्या गावात हा प्रश्न मशीनच्या किमतीपेक्षा मोठा आहे. विजेचंही तसंच. रुग्णाचं रक्त नळ्यांमधून फिरत असताना वीज गेली तर जनरेटर आहे का? चालू स्थितीत आहे का? आणि मशीन चालवायला प्रशिक्षित माणूस कोण, त्याचा पगार कोण देतं? कधी कधी चौकशीअंती असं निघतं की नव्या मशीनपेक्षा मोठा आरओ प्लांट हवा आहे. मग तो द्या. फोटोत तो फारसा देखणा दिसत नाही, हे खरं.

सोनोग्राफी मशीन देण्याचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट: ते हौसेने नेऊन ठेवता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली सोनोग्राफी केंद्राची नोंदणी आधी लागते. एक्स-रेलाही अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत.

पायरी ३ : रोजच्या खर्चाचं गणित

एक मशीन, दिवसाला दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे बारा सत्रं. आठवड्यातून दोनदा येणारे सहा रुग्ण त्यावर बसतात, तीनदा येणारे चारच. आणि हे रुग्ण पुढच्या आठवड्यात, पुढच्या वर्षीही येणार असतात. प्रत्येक सत्राला डायलायझर (रक्त गाळणारी नळी), नळ्या, सुया, द्रावण हा खर्च आलाच. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर पात्र रुग्णांचा खर्च योजनेतून भागतो. नसेल तर तो रुग्णावर किंवा देणगीवर पडतो.

म्हणून जमलेल्या रकमेतला काही भाग सत्रांसाठी राखून ठेवा, किंवा कायम निधी म्हणून द्या, म्हणजे मूळ रक्कम शाबूत राहून व्याजातून खर्च चालेल. ती कायम निधीसाठीच आहे असं पत्रात स्पष्ट लिहा. सुयांवर नावाची पाटी लावता येत नाही, त्यामुळे या कामाला देणगीदार कमी मिळतात. वॉरंटी संपल्यावरचा देखभाल करारही आत्ताच ठरवा. त्यात सुटे भाग धरलेत की नाहीत, हे वाचून बघा; सगळी मेख तिथेच असते.

पायरी ४ : पैसे कसे द्यायचे

मशीन स्वतः विकत घेऊन भेट देऊ नका. वस्तुरूप देणगीला ८०-जीची, म्हणजे देणगीवर आयकरात मिळणारी सवलत मिळत नाही. त्यापेक्षा ट्रस्टच्या नावाने चेक किंवा ऑनलाइन रक्कम द्या आणि सोबत ‘ही रक्कम अमुक यंत्रासाठी’ असं पत्र जोडा. खरेदीची कोटेशनं तुम्हीही बघा. २,००० रुपयांच्या वर रोख दिलेत तर सवलत नाही, आणि नवीन करप्रणाली निवडली असेल तर ती मिळतच नाही. ट्रस्टची नोंदणी, ८०-जीची मान्यता आणि मागच्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागताना ओशाळू नका.

बॅचमधले मित्र परदेशात असतील तर त्यांचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे मात्र एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतात.

पायरी ५ : पत्रात काय लिहून घ्यायचं

महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तुमच्या पैशातून ही मूळ जबाबदारीच भागवली जाणार की तिच्यावर काही भर पडणार, हे सरळ विचारा. सत्राचा दर काय राहील, रक्कम उरली तर कुठे जाईल, मशीन निकामी झालं तर काय, एवढं एका पानात मावतं.

पुढे दर सहा महिन्यांनी एक चक्कर मारा. किती सत्रं झाली, मशीन किती दिवस बंद होतं, ते टेक्निशियनच्या वहीत लिहिलेलं असतं. तीच वही बघायला मागा, आणि जाताना पाण्याच्या टाकीकडेही एक नजर टाका.