मराठी येते ना? मग ग्वाल्हेरात काम आहे

२०१२ च्या ऑक्टोबरात इथल्या एका हॉटेलात ट्रेनी म्हणून लागले, तेव्हा मला वाटलं होतं की रिसेप्शनवर उभं करतील. इंग्रजी बरं होतं, साडी नीट नेसता येत होती, अजून काय लागतं? हातात आली ती हाउसकीपिंगची ट्रॉली आणि खोल्यांची यादी. पहिली खोली आवरायला मला पाऊण तास लागला. सुपरवायझर मॅडम आल्या, काही न बोलता चपला काढून मी घातलेल्या चादरीवर सरळ आडव्या झाल्या आणि वर बोट करून म्हणाल्या, "ये देखो." पंख्याच्या दांड्यापासून छतापर्यंत कोळ्याचं जाळं लोंबत होतं. मी उभ्याने खोली आवरली होती. गेस्ट ती पडल्यापडल्या बघतो. चादर अर्थातच मलाच पुन्हा घालावी लागली.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं. वडील शिक्षक, काका बँकेत. काका म्हणाले, "एवढं शिकलीस ती लोकांच्या चादरी बदलायला?" त्याच काकांनी दोन वर्षांनी वऱ्हाडासाठी खोल्या स्वस्तात मिळतील का, म्हणून मला फोन केला. तेव्हा घरच्यांच्या बोलण्याचं फार मनावर घेऊ नका.

हॉटेलात मुख्य खाती चार: फ्रंट ऑफिस म्हणजे रिसेप्शन, हाउसकीपिंग, किचन आणि सर्व्हिस. नव्या मुलामुलींची रांग लागते ती फ्रंट ऑफिससाठी. माझं स्पष्ट मत, हाउसकीपिंगला किंवा सर्व्हिसला नाक मुरडू नका. आत शिरायला तिथे जागा असते, आणि हॉटेल कसं चालतं ते तिथेच कळतं. मला दीड वर्षाने रिसेप्शन मिळालं, तेव्हा कुठल्या खोलीचा गीझर कुरकुरतो हे मला आधीच पाठ होतं.

शिकायचं म्हणाल तर ग्वाल्हेरकर नशीबवान आहेत. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापनाची संस्था, म्हणजे आयआयटीटीएम, १९८३ मध्ये सुरू झाली आणि तिचं मुख्यालय आपल्याच गावात, गोविंदपुरीत आहे. तिथे टूर, तिकिटं, प्रवास कंपन्या या बाजूचं शिक्षण मिळतं, बीबीए आणि एमबीए. हॉटेलचं शिकायचं तर आयएचएम, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटची संस्था आहे. बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही परीक्षा द्यायची, ती एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते. दोन्हीतला फरक न कळता फॉर्म भरणारी मुलं मी दरवर्षी बघते. ज्याला स्वयंपाकघर हवंय तो टूरिझमला जाऊन बसतो आणि मग वर्षभर कुढतो. एवढ्या फीची ऐपत नसेल तर आयटीआयमध्येही फूड प्रॉडक्शन, हाउसकीपिंगसारखे ट्रेड असतात. शिवाय 'हुनर से रोजगार तक' ही केंद्राची छोट्या मुदतीची योजना आहे, तिला आठवी पासही चालतं; पुढची बॅच कधी निघते याची आयएचएममध्ये चौकशी करा. खाजगी डिप्लोमा घ्यायचाच असेल तर माहितीपुस्तकातले हसरे फोटो बाजूला ठेवा आणि मागच्या बॅचच्या दोघांचे नंबर मागा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर उठून या.

मुलाखतीत आपणही विचारायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ब्रेक शिफ्ट आहे का, हे आधी विचारा. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी चार-पाच तास काम, दुपारी सुट्टी आणि संध्याकाळी पुन्हा हजर. घर जवळ असेल तर ठीक, नाहीतर ती दुपार लॉकर रूममधल्या बाकावर जाते. मुलींनी रात्रीच्या शिफ्टला घरपोच गाडी आहे का ते विचारावं, आणि "हो" आलं तर ते ऑफर लेटरात लिहून मागावं. मूळ मार्कशीट मात्र कुणाकडेही ठेवू नका. माझ्या दुसऱ्या हॉटेलाने "रेकॉर्डसाठी" म्हणून ती ठेवून घेतली होती. नोकरी सोडताना ती परत मिळवायला मी सात आठवडे हेलपाटे घातले. दाखवायची मूळ, द्यायची झेरॉक्स.

आता माझ्या खऱ्या पोटापाण्याकडे, म्हणजे गाईडच्या कामाकडे येते. रिसेप्शनवर असताना लक्षात आलं की पुण्या-नाशकाकडून येणारी मंडळी दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, ओरछा अशी फिरतात. गतिमान एक्सप्रेसमुळे ते सोपंही झालंय. मी चावी देताना "जेवण झालं का काका?" म्हटलं की त्यांचा चेहराच खुलायचा आणि मग प्रश्न सुरू व्हायचे. शिंदे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे ना? झाशीच्या राणीची समाधी इथे कशी? राणी १८५८ च्या जूनमध्ये इथेच लढताना पडली, समाधी फूलबागेत आहे. गाण्यातल्या माणसांना तर वेगळंच आकर्षण: बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकले आणि ख्याल घेऊन महाराष्ट्रात गेले. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलं, पण हे पाहुणे त्याच्या कितीतरी आधीपासून येतायत. हे सगळं मराठीत नीट सांगणारं कुणी त्यांना सहसा भेटत नव्हतं. मला ती भाषा घरात फुकट मिळाली होती.

पहिला ग्रुप पुण्याचा, बावीस जण. मी त्यांना गुजरी महालाच्या संग्रहालयातल्या ग्यारसपूरच्या शालभंजिकेबद्दल, म्हणजे एका दगडी स्त्रीमूर्तीबद्दल, इतकं रंगवून सांगितलं की सगळे उतावीळ झाले. गुजरी महालाच्या दारात पोचलो तर कुलूप. सोमवार होता आणि ते संग्रहालय सोमवारी बंद असतं. मी ग्वाल्हेरची पोर, लहानपणापासून त्या दारावरून गेलेली, आणि मला वार माहीत नव्हता! एक आजी म्हणाल्या, "असू दे गं, पुढच्या जन्मी बघू." सगळे हसले, मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढाने त्यांना वर नेलं आणि वाटेतल्या चतुर्भुज मंदिरापाशी थांबवलं. कातळात कोरलेलं लहानसं देऊळ. आतल्या इसवी सन ८७६ च्या शिलालेखात एका बागेचं माप दिलंय: लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. आणि रोजच्या ५० माळांचा उल्लेख. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच, फक्त बारकं. ग्रुपमधले एक निवृत्त गणिताचे सर त्या शून्यापुढे बराच वेळ वाकून उभे होते. नंतर त्यांनीच पुढचे दोन ग्रुप माझ्याकडे पाठवले.

शिंद्यांच्या जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं आहेत. ती टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिले, अशी गोष्ट प्रत्येक गाईड सांगतो. मीही सांगते, पण "असं सांगतात" हे शब्द गाळत नाही. ऐकणाऱ्यांत कुणीतरी सर असतातच.

एक मात्र खरं, ते पहिले ग्रुप मी हॉटेलची माणूस म्हणून फिरवले होते. गाईड म्हणून पैसे घ्यायचे तर परवाना काढा. त्याशिवाय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंवर उभं राहून सांगत बसलात तर कधीतरी हटकलं जाईल, तेही पाहुण्यांसमोर. राज्याच्या परवान्याची चौकशी मध्यप्रदेश टूरिझमकडे करा. केंद्राचा टूरिस्ट फॅसिलिटेटरचा ऑनलाइन अभ्यासक्रमही आहे, तो नोकरी करता करता होतो. परवाना येईपर्यंत सुट्टीच्या दिवशी वही घेऊन किल्ल्यावर जा, जुन्या गाईडांच्या मागे चार पावलं ठेवून ऐका. मी तसंच केलं. एकाने ओळखलं आणि चहाला बोलावलं.

पैशाचं सांगायचं तर ऑक्टोबर ते मार्च हंगाम. डिसेंबरात तानसेन समारोह हा संगीत महोत्सव, मग ग्वाल्हेरचा व्यापार मेळा, तेव्हा बसायला फुरसत नसते. मेमध्ये किल्ल्यावरचा दगड असा तापतो की पाहुणे सोडा, कबुतरंही सावली धरून बसतात. तेव्हा मी जुन्या हॉटेलात लग्नांच्या बँक्वेटचं काम रोजावर घेते. एप्रिल-मेचे मुहूर्त कामाला येतात.