पद्मिनी लांब न्यायच्या आधी

मे महिन्यात आईला घेऊन वाईला निघालो होतो, खंबाटकीच्या निम्म्या चढावर गाडी बंद पडली. अर्धा तास थांबलं की चालू व्हायची, जेमतेम एक वळण चढलं की पुन्हा बंद. उन्हामुळे पेट्रोलचा गॅस होतोय अशी माझी खात्री, म्हणून मी इंजिनच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकत बसलो आणि आई दोन तास कठड्याशी उन्हात. दोष निघाला कंडेन्सरचा. डिकीत नवे प्लग होते, पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क) होते, रोटर होता, जास्तीची कॉइलसुद्धा होती. कंडेन्सर नव्हता. प्रीमियर पद्मिनी किंवा पॉइंटवाली कुठलीही जुनी पेट्रोल गाडी सांभाळत असाल, तर लांब निघायच्या आदल्या आठवड्यात एवढं उरकून घ्या.

सगळ्यात आधी कंडेन्सर. प्लगना स्पार्क वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला एका स्क्रूने बसवलेली, बोटाच्या पेराएवढी पत्र्याची नळी आणि तिची एक वायर, एवढाच तो. पण पॉइंट उघडतात त्या क्षणी तिथला करंट तो झेलतो, म्हणून कॉइलमधून जोराचा स्पार्क निघतो. तो कमजोर झाला की ठिणगी पॉइंटमध्येच उडत राहते, पॉइंट काळे पडतात आणि प्लगला पिवळट, मरतुकडा स्पार्क मिळतो. फसवतो तो इथे, की थंड असताना नीट चालतो, तापला की दगा देतो आणि गार झाला की पुन्हा शहाणा. त्यामुळे घरी तपासून काही कळत नाही.

म्हणून नवा कंडेन्सर आणून पुडीसकट डिकीत टाकू नका. हल्ली मिळणारे कितीतरी नवे कंडेन्सर पहिल्या दिवशीच जातात. नवा गाडीला लावा, इंजिन चांगलं तापेपर्यंत तासभर चालवा. ठीक चालला तर तो गाडीतच राहू द्या आणि जुना, चालता काढलेला, पुढच्या कप्प्यात ठेवा. सोबत त्याचा जास्तीचा स्क्रू आणि लोहचुंबक असलेला छोटा स्क्रूड्रायव्हर. तो स्क्रू निसटून इंजिनखाली गेला की रस्त्यावर सापडत नाही.

आता प्लग. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच काढा, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना जोर लावलात तर आटे येतील बाहेर. काढायच्या आधी भोवतालची माती फुंकून घ्या, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. वायरींना चिकटपट्टीवर नंबर घाला. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ आहे. काढलेले प्लग वायरींच्या नंबरांप्रमाणे फडक्यावर मांडा आणि टोकं बघा. विटकरी-तपकिरी रंग असेल तर उत्तम. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा स्पार्क कमजोर आहे. ओलं, तेलकट काळं म्हणजे ऑइल वर येतंय, त्याला नवा प्लग हे औषध नाही. पांढरंफटक म्हणजे तो सिलिंडर फार तापतोय, तसंच घेऊन घाटात जाऊ नका. प्लगच्या टोकाची फट ०.६ मिमीच्या आसपास ठेवा, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालूनच. नजरेचा अंदाज चालत नाही. बसवताना पहिले आटे हातानेच फिरवा, पाना शेवटी.

पॉइंट: फट साधारण ०.४५ मिमी. खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, बदला. आणि पॉइंट वारंवार जळत असतील तर दोष बहुतेकदा त्यांचा नाही, कंडेन्सरचा असतो. मी एका वर्षात तीन वेळा पॉइंट बदलले आणि एकदाही हा विचार केला नाही.

डिस्ट्रिब्यूटरची टोपी उजेडात धरून आतून बघा. पेन्सिलीने रेघ ओढल्यासारखी काळी बारीक रेषा दिसली तर टोपी फेकून द्या, करंट तिथूनच पळतो, विशेषतः पावसाळ्यात. मधला कार्बन दाबून वर येतोय का बघा. टोपीखाली फिरणारा रोटर परत बसवलाय ना? प्लगच्या वायरी रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बघितल्या की कुठे ठिणगी निसटते ते दिसतं.

स्पार्क बघायचा तर प्लग वायरीला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवा, रबरी मुठीच्या पकडीने धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. हाताने धरू नका, जवळ पेट्रोल सांडलेलं नको. निळा आणि चट्चट् आवाजाचा हवा. स्पार्क अजिबातच नसेल तर कंडेन्सरची वायर सोडवून एकदा बघा. तेवढ्याने थोडासा जरी स्पार्क आला तर कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय. हे मला सुरूर फाट्यावरून आलेल्या मेकॅनिकने दाखवलं, दोन मिनिटांत. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवू नका, कॉइल तापून जाते.

बॅटरीची टोकं, इंजिनची अर्थिंग पट्टी: घासून घट्ट. टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) जमत नसेल तर मेकॅनिककडून. टॉर्च, कोरडं फडकं, पकड, पाणी, दोर. आणि तो जुना, चालता काढलेला कंडेन्सर, डिकीच्या तळाशी नाही, पुढच्या कप्प्यात.