एमबीबीएस करून बायोइंजिनीअरिंगकडे वळताना

इंटर्नशिप संपत आली की ज्युनिअर मुलं हळूच विचारतात, नीट-पीजी नको वाटतंय, टिश्यू इंजिनीअरिंग (लॅबमध्ये शरीराच्या ऊती वाढवणं), स्टेम सेल (इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) वगैरेत जाता येईल का. येतं की, मी गेलोय. पण नुसतं नीटला कंटाळून येऊ नका, एखादा प्रश्न डोक्यात घेऊन या. बर्न्स वॉर्डात ड्युटी केली असेल तर ग्राफ्टसाठी, म्हणजे जखमेवर लावायला, पेशंटच्या अंगावर धड कातडीच उरलेली नसते हे तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं असतं, बीटेकवाल्याने ते फक्त वाचलेलं असतं. तेच तुमचं भांडवल. आयपीएस पेशींसाठी (साध्या पेशी मागे फिरवून बनवलेल्या स्टेम सेल) २०१२ चं नोबेल मिळवणारे शिन्या यामानाका पण आधी ऑर्थोपेडिक्सचे रेसिडेंटच होते.

आता रस्ते. आयआयटी खरगपूरला एमबीबीएस झालेल्यांसाठीच ३ वर्षांचा एमएमएसटी (मास्टर्स इन मेडिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजी) कोर्स आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते. बाकी ठिकाणी बहुतेक गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा. एमबीबीएसवाल्यांना गेट देता येते, आणि २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे, त्यात अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी आपल्या हातची पण सर्किट्स आणि सिग्नल्स नव्याने करावं लागतं. त्रिवेंद्रमची श्री चित्रा संस्था पण बघा, चित्रा हार्ट व्हॉल्व्ह तिथलाच. सरकारी कॉलेजमधून झाला असाल तर बाँडचं (सरकारी सेवेची अट) आधी मार्गी लावा. आणि एमटेक म्हणजे एमडी नव्हे, हे घरच्यांना आत्ताच नीट सांगून ठेवा.

खरी अडचण गणिताची. बहुतेकांचं बारावीनंतर सुटलेलं असतं आणि इथे डिफरन्शियल इक्वेशनशिवाय पान हलत नाही. उदाहरण सांगतो, रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनपर्यंतच ऑक्सिजन डिफ्यूजनने (आपोआप झिरपत) पोचतो, त्यापुढच्या पेशी मरतात, म्हणून पातळ कातडी किंवा मुळातच रक्तवाहिन्या नसलेलं कार्टिलेज (कूर्चा) लॅबमध्ये आधी जमलं आणि आख्खं लिव्हर अजून अडलेलं आहे. स्कॅफोल्ड (पेशी ज्यावर वाढवतात तो सांगाडा) किती जाड ठेवायचा हे त्या इक्वेशनवरून ठरतं, क्लिनिकल अनुभवावरून नाही. रोज तासभर गणित करा, लिनिअर अल्जिब्रा आणि थोडं पायथनसुद्धा.

अर्ज करायच्या आधी काही महिने कुठल्यातरी सेल कल्चर लॅबमध्ये काढा. तिथे पेशंट नाही, ३७ डिग्री आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर असतो. सकाळी दार उघडल्यावर गुलाबी मीडिया (पेशी वाढवायचं पोषक द्रव) पिवळा दिसला की पेशी फार दाट झाल्यात नाहीतर बॅक्टेरिया शिरलेत, आणि बॅक्टेरिया असतील तर सगळं फेकून पुन्हा पहिल्यापासून. वॉर्डात संध्याकाळपर्यंत कळतं औषध लागू पडलं का, इथे उत्तर यायला महिने जातात. हे सोसवतं का ते बघा, मगच प्राध्यापकांना मेल करा, आणि मेलमध्ये त्यांचा एखादा पेपर वाचून त्यावर नेमका प्रश्न विचारा.

स्टेम सेल क्लिनिकवाले गुडघेदुखी, ऑटिझम बरं करतो म्हणत चांगल्या पगारावर बोलावतील तर जाऊ नका. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं बोन मॅरोसारखं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी वापर फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो.

आणि एमएमसीचं (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) रजिस्ट्रेशन लॅप्स होऊ देऊ नका, दर ५ वर्षांनी रिन्यूअल असतं, सीएमईचे (डॉक्टरांच्या चालू शिक्षणाचे) क्रेडिट पॉइंट अधूनमधून जमवत राहा, ट्रायलच्या कामात डॉक्टर म्हणून सही करायची वेळ आली की ते लागतंच.