तेलाच्या महसुलाशी परकीय मदत जोडताना अटी कशा लिहाव्यात

अटींचा मसुदा हाती घेण्यापूर्वी तेल प्रत्यक्ष केव्हा वाहू लागणार आहे, ती तारीख समोर ठेवावी, कारण मदत देणाऱ्याच्या शब्दाला खरे वजन त्या तारखेपर्यंतच असते. मध्य आफ्रिकेतील चाड या देशात हेच दिसून आले. डोबाच्या तेलक्षेत्रापासून कॅमेरूनमधील क्रिबीच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे १,०७० किलोमीटरची तेलवाहिनी टाकायची होती आणि जागतिक बँकेच्या सहभागाशिवाय ते काम पुढे सरकणे अवघड होते. त्यामुळे बँकेच्या आग्रहाखातर चाडने १९९९ मध्ये महसुलाच्या विनियोगाचा कायदा केला. त्यात १० टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठी राखली होती आणि उरलेल्यातील ८० टक्के शिक्षण, आरोग्य, ग्रामविकास अशा क्षेत्रांसाठी ठरवली होती. २००३ मध्ये तेल निघाले. २००५ च्या अखेरीस चाडच्या संसदेने कायदा बदलला, पुढील पिढ्यांचा निधी रद्द केला आणि सुरक्षेचा समावेश प्राधान्यक्रमात केला. जानेवारी २००६ मध्ये बँकेने कर्जे थांबवली, तेलाचा महसूल जमा होणारे लंडनमधील खाते गोठवले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष देबी यांनी तेलच बंद करण्याची धमकी दिली. तडजोड झाली, पण २००८ मध्ये चाडने या प्रकल्पाचे कर्ज मुदतीआधीच फेडले आणि बँक बाहेर पडली.

म्हणून कायदा मंजूर झाला एवढ्यावर समाधान मानू नये. हिशेबव्यवस्था, लेखापरीक्षक आणि निविदा तपासणारी माणसे कामाला लागल्यावरच वाहिनीसाठीचा पुढचा हप्ता द्यावा. चाडमध्ये बांधकाम वेगाने पूर्ण झाले आणि प्रशासनाची तयारी मागे पडली. माझ्या मते मूळ चूक हीच होती.

‘महसूल’ या शब्दाची व्याख्या सर्वाधिक काळजीने लिहावी. चाडचा कायदा तीनच तेलक्षेत्रांना आणि त्यांतील स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) व लाभांश यांनाच लागू होता. कंपन्यांचा प्राप्तिकर आणि नंतर सापडलेली क्षेत्रे त्याबाहेर राहिली. २००० मध्ये मिळालेल्या अडीच कोटी डॉलरच्या करार-बोनसमधील (करार करताना तेल कंपन्यांनी सरकारला दिलेल्या रकमेतील) काही रक्कम तर शस्त्रांवर गेली. याउलट पूर्व तिमोरने २००५ च्या कायद्याने पेट्रोलियमचे सारे उत्पन्न एकाच निधीत आणले. रॉयल्टी, कर, बोनस, सरकारी कंपनीचा वाटा आणि तेल तारण ठेवून काढलेली कर्जे ही सर्व नावे व्याख्येत स्पष्टपणे यावीत. शेवटचे नाव विशेष महत्त्वाचे आहे, कारण अंगोलाला २००४ मध्ये चीनकडून तेलाच्या आधारावर दोन अब्ज डॉलरचे कर्ज मिळाले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींची गरजच उरली नाही.

महसुलाच्या खर्चावर नजर ठेवणाऱ्या देखरेख समितीत स्थानिक संघटनांना स्थान द्यावे आणि तिचा खर्च सरकारच्या मर्जीवर सोडू नये. ज्या शाळेचे पैसे दिले गेले तिला छत आहे की नाही, हे गावात जाऊन पाहण्याइतका प्रवासभत्ता समितीला मिळालाच पाहिजे.

अट मोडल्यास काय थांबेल, तेही आधीच क्रमाने लिहून ठेवावे: प्रथम अर्थसंकल्पीय साहाय्य, मग नवी कर्जे आणि हमी. लसीकरण व अन्नसाहाय्य मात्र या यादीत घालू नये.